शाल नको, खो द्या

घर दाखवायला मालक आले तेव्हा त्यांच्या पायांत फुटबॉलचे बूट होते. तळाचे खिळे वाजवत ते स्वयंपाकघरातून बैठकीच्या खोलीत गेले, तिथून न्हाणीघरात डोकावले आणि वळून आम्हाला म्हणाले, "या लाकडी जमिनीला जपा हं. ओरखडे फार लवकर पडतात." सुजाता माझ्याकडे बघू लागली आणि मी छताकडे. न्यूझीलंडमध्ये, वेलिंग्टनजवळच्या लोअर हटमध्ये स्टेशनपासून पायी जाण्याजोगं घर भाड्याने मिळत असेल, तर माणसाने छताकडेच बघावं.

मालक आयरिश होते. सत्तरी ओलांडलेली, उंची बेताची, पाय धनुष्यासारखे, आणि नाक तीन वेगवेगळ्या खेळांत मोडलेलं. पुढचं घर आम्हाला देऊन ते स्वतः मागच्या अंगणातल्या एका खोलीत राहत. मधे हिरवळ आणि कपडे वाळत घालायची दोरी. त्या दोरीवर त्यांचे खेळाचे मोजे बारा महिने असत. वाळलेले मी कधी पाहिले नाहीत.

त्यांना नाव होतं, दोन संतांचं मिळून झालेलं, पण आम्ही पहिल्या दिवसापासून 'मालक' म्हणालो आणि तेच राहिलं. त्यांनी एकदा अर्थ विचारला. मी सांगितला. ते म्हणाले, "माझ्या पणजोबांनी आयर्लंडमध्ये उभा जन्म मालक लोकांना हाकलण्यात घालवला. त्यांना कळवू नका." दुसऱ्या दिवशी त्यांच्या खेळाच्या बॅगेवर मार्करने तो शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिलेला दिसला.

न्यूझीलंडमध्ये घरमालक दर काही महिन्यांनी घराची तपासणी करायला येतो. भाडेकरू आदल्या दिवशी भिंती पुसतात, फोडणीचा वास जावा म्हणून खिडक्या उघडून थंडीत बसतात. आमचे मालक तपासणीला येत ते प्लॅस्टिकच्या डब्यात संत्र्याच्या चार-चार फोडी करून. त्यांच्या लहानपणी मध्यंतराला खेळाडूंना संत्री देत, आणि भाडेकरार हाही त्यांच्या मते एक सामनाच होता. आम्ही तिघं स्वयंपाकघरात उभ्या-उभ्या संत्री चोखायचो. मी म्हणायचो, "मालक, न्हाणीघरातला नळ गळतोय."

"ती दुखापत नाही, इंजिनिअर," ते म्हणायचे. "तो थकवा आहे."

मग साली डब्यात गोळा करून, "दुसऱ्या हाफमध्ये फळी मोडू देऊ नका," असं बजावून ते निघून जायचे. तपासणी संपली. नळ आम्ही असेपर्यंत थकलेलाच होता.

त्यांची खेळातली कारकीर्द मला टप्प्याटप्प्याने कळली, म्हणजे ते कचऱ्याचा चाकांचा डबा ढकलत रस्त्यापर्यंत धावत जात आणि परत येताना धापा टाकत सांगत, त्या टप्प्यांत. ते ज्या गावात वाढले तिथे रविवारी गेलिक फुटबॉल खेळायचा, ज्यात चेंडू लाथेनेही मारतात आणि हातानेही. त्या खेळाच्या संघटनेचा तेव्हा नियम होता, की जो परकीय खेळ खेळेल त्याला हाकलून देऊ. साधा फुटबॉल परकीय. हॉकी परकीय. क्रिकेट तर विचारूच नका. आणि मालकांना हे सगळंच खेळायचं होतं. मग ते शनिवारी सायकलवर शेजारच्या गावी जाऊन खेळत. सोमवारच्या वर्तमानपत्रात संघाची नावं यायची. दहा खरी असत आणि अकराव्या जागी 'आणखी एक' असं छापलेलं असे. ते हे.

"आमच्या जिल्ह्यात 'आणखी एक' हा त्या काळचा सर्वांत अष्टपैलू खेळाडू होता," मालक सांगत. "फुटबॉलमध्ये डावा बचावपटू, हॉकीत गोलरक्षक, क्रिकेटमध्ये शेवटून दुसरा. माझ्या मामाने तर एकदा मला बजावलं, की त्या 'आणखी एक'कडून काहीतरी शीक."

आपलं सगळं कर्तृत्व निनावी होतं असं सांगणाऱ्या माणसाबद्दल मला आदरही वाटतो आणि संशयही. पण त्यांच्या बाजूने एवढं म्हटलं पाहिजे, की फुशारकी मारायची ती माणूस याहून बऱ्या गोष्टींची मारतो. देशाच्या हौशी फुटबॉल संघात ते एकदाच खेळले. त्या सामन्याचं सांगण्यासारखं काय, तर त्यांच्याच संघातल्या एकाने मारलेला चेंडू त्यांच्या पाठीवर आपटून गोलाच्या खांबाला लागला. "आयर्लंडने त्या दिवशी केलेला तो एकमेव हल्ला," ते म्हणत. "माझ्या पाठीने केला."

हौशी हा शब्द त्यांच्या लेखी एक धर्म होता. खेळाबद्दल उपयोगाची वस्तू घेतली की माणूस व्यावसायिक झाला, असं ते मानत. कप चालेल, कारण त्यातून कोणी काही पीत नाही. इथल्या क्लबांत सामन्यातल्या उत्तम खेळाडूला मांसाचा ट्रे देतात. सॉसेजेस, चॉप्स, वर प्लॅस्टिक. न्यूझीलंडला आल्यावर पहिल्याच मोसमात मालकांना तो मिळाला आणि त्यांनी तो भर क्लबात परत केला. त्यांची तेव्हाची बायको घरी कढई तापवून बसली होती. पुढे ती ऑकलंडकडे हेन्डरसनला एका खाटकाबरोबर सुखाने राहू लागली. मालकांचं म्हणणं, दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही.

आम्ही राहायला आलो त्या वर्षी मालकांवर मोठं संकट चालू होतं. इथल्या क्लबांत म्हाताऱ्या खेळाडूला कोणी 'आता पुरे' म्हणत नाही. लोक फार सभ्य. ते त्याला लाइफ मेंबर करतात. लाकडी फळ्यावर सोनेरी अक्षरांत नाव, टाळ्या, पावात सॉसेज, आणि पुढच्या शनिवारी कपाटात त्याची जर्सी नसते. फुटबॉल क्लबाने त्यांना लाइफ मेंबर केलं. हॉकीने केलं. वॉटरपोलोवाल्यांनी केलं, मालकांचे पोहायचे टॉग्ज इतके झिजले होते की त्या क्लबाला निर्णय घेणं सोपं गेलं. उरला बोल्स, म्हणजे हिरवळीवर हळूच गोळे सोडायचा खेळ, जिथे सत्तरीचा माणूस उमेदवार समजला जातो. तिथे मालकांनी प्रतिस्पर्ध्याचा गोळा अडवायला गोलरक्षकासारखी आडवी उडी मारली. हिरवळीची एक सबंध पट्टी उखडली. बोल्समध्ये गोळा अडवायचा नसतो. त्याच महिन्यात सोनेरी अक्षरं आली.

त्या संध्याकाळी ते दोरीखाली बॅग मांडीवर घेऊन बसले होते. मी विचारलं, काय झालं.

"चार भिंतींवर माझं नाव लागलंय, इंजिनिअर," ते म्हणाले. "मेलेल्याचंसुद्धा एकाच दगडावर लागतं."

मी दोरीवरचे मोजे उलटे केले.

आता सुजाताबद्दल. ती इथल्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करते, दिवसभर लोकांचं रक्त तपासते, आणि त्याआधी कल्याणच्या नगरपालिकेच्या शाळेत खो-खोची कप्तान होती. यांतली दुसरी गोष्ट ती स्वतःची ओळख म्हणून सांगते. एप्रिलमध्ये आमच्या मंडळातर्फे जयंती साजरी होते. सकाळी वंदना आणि भाषणं, दुपारी जेवण, आणि मधे मुलांना मोबाइलपासून दूर ठेवायला क्रीडास्पर्धा. त्या वर्षी ऑकलंडहून फ्लॅट बुशचा संघ खो-खो खेळायला येणार होता. सुजाताने महिनाभर आधी नदीकाठच्या मैदानावर सराव सुरू केला. मालक कुंपणाशी उभे राहून बघायला लागले.

"मिसेस," तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "हे बसलेले लोक जखमी आहेत का?"

"नाही, मालक. ते खेळतायत."

"बसून?"

"पाठीवर थाप पडून 'खो' ऐकू आला की उठायचं आणि पळणाऱ्याला गाठायचं. ज्याने खो दिला तो तुमच्या जागी बसतो. एकदा एका दिशेला निघालात की खांब येईपर्यंत मागे वळायचं नाही."

मालकांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी देवळाच्या दारात लोकांच्या चेहऱ्यावर पाहिलेलं आहे. "अर्धा वेळ बसायचं, आणि तरी संघात," ते हळूच म्हणाले. "हा खेळ इतकी वर्षं कुठे होता?"

पुढच्या आठवड्यात आमच्या संघातल्या एकाची पाठ धरली. त्याचे आईवडील भारतातून आले होते आणि त्यांच्या बॅगा त्याने विमानतळावर उचलल्या होत्या. लोणची आणि पिठं आणणारे आईवडील असले की हे होतंच. सुजाताने व्हॉट्सअ‍ॅपवर आठ नावं टाकली आणि खाली लिहिलं, 'आणखी एक, बघू.' तपासणीला आलेल्या मालकांनी संत्रं चोखता चोखता तिच्या फोनकडे बोट दाखवलं. "ती शेवटची ओळ काय म्हणते?"

तिने अर्थ सांगितला.

मालकांनी साल डब्यात ठेवली, पँटला हात पुसले आणि ताठ उभे राहिले. "तो मी आहे," ते म्हणाले.

सुजाताने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे. "स्वीट अ‍ॅज," ती म्हणाली, म्हणजे इथल्या भाषेत 'झकास', आणि मालक संघात आले.

इथे मंडळाचे अध्यक्ष प्रवेश करतात. अध्यक्ष मोठ्या हुद्द्यावर, सज्जन, आणि सत्काराचे शौकीन. त्यांच्या कारकिर्दीत मंडळात असा कोणी उरला नव्हता ज्याचा सत्कार झाला नाही. त्यामुळे आयर्लंडकडून खेळलेला एक म्हातारा आमच्या मागच्या अंगणात राहतो हे कळताच ते शनिवारी दुपारी हजर झाले. हातात पिशवी, पायांत जँडल्स म्हणजे रबरी चपला, अंगावर ब्लेझर.

"सर," ते मालकांना म्हणाले, "आपण आमचे प्रमुख पाहुणे. व्यासपीठावर मधली खुर्ची. आपला सत्कार." आणि त्यांनी पिशवीतून शाल काढली.

मालक एक पाऊल मागे सरकले. आणखी एका फळ्यावर आपलं नाव लागायच्या बेतात आहे हे त्यांनी ओळखलं होतं. "हे काय असतं?"

"खांद्यावर घालतो आम्ही. मान देतो."

"ऊब येते?"

"शुद्ध लोकर!" अध्यक्ष अभिमानाने म्हणाले.

"मग नाही घेता येणार. मी हौशी आहे."

अध्यक्षांनी मराठीत मला विचारलं, "रागावलेत का? रंग बदलून देऊ?" मी त्यांना मांसाच्या ट्रेची गोष्ट सांगितली. त्यांना ती पटली नाही, पण शाल नाकारणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता, त्यामुळे ते खुर्चीत बसले. मग पिशवीतून सन्मानचिन्ह निघालं. अ‍ॅक्रिलिकचा एक जाड तुकडा, वर ज्योत, ज्योतीत एक खेळाडू. तो धावत होता की न्हाणीघरात घसरला होता हे सांगता येत नव्हतं.

मालकांनी ते सगळ्या बाजूंनी पाहिलं. "हे काय करतं?"

"हे... ठेवायचं."

"ठेवलं की काय होतं?"

"काही नाही," अध्यक्षांनी कबूल केलं.

"हे चालेल," मालक म्हणाले. "पण सामना झाल्यावर. आधी मी खेळणार."

"खेळणार?" अध्यक्ष सुजाताकडे वळले आणि पुन्हा मराठीत शिरले. "वहिनी, अहो प्रमुख पाहुणे आहेत ते! प्रमुख पाहुणा उकिडवा बसलेला कधी पाहिलाय तुम्ही? आणि मोडलं बिडलं काही, तर?"

"भाऊ, माझ्याकडे आठच जण आहेत," सुजाता म्हणाली. "तुम्ही बसता का नववे? ब्लेझर काढावा लागेल."

विषय संपला.

जयंतीच्या दिवशी दक्षिणेकडून असा वारा सुटला होता की मंडपाचे खांब धरायला माणसं नेमावी लागली. फ्लॅट बुशचा संघ एकसारख्या ट्रॅकसूटमध्ये आला. त्यांच्यात एक सडपातळ दंतवैद्य होता, इतका चपळ की त्याच्या खुर्चीतले पेशंट कसे सुटत असतील याचं मला कोडं पडलं. अध्यक्षांनी माइकवरून मालकांची ओळख 'आंतरराष्ट्रीय कीर्तीचे सर्वांगीण क्रीडामहर्षी' अशी करून दिली. मालकांनी मला अर्थ विचारला. मी म्हणालो, "आणखी एक." त्यांनी समाधानाने मान हलवली आणि जाऊन मधल्या चौकोनात बसले.

बसले मात्र सुंदर. हात जमिनीला टेकलेले, पाय उठायच्या तयारीत, मान ताठ. आणि तसेच बसून राहिले. आमचे लोक पळत होते, ओरडत होते, डाव्या चौकोनाला खो, उजव्या चौकोनाला खो, आणि मालकांपाशी आले की पुढे निघून जात होते. त्यांच्या पाठीशी येऊन एकाने हात उचलला, तो हवेत थांबवला आणि चक्क पलीकडच्याला खो दिला. मला ते बाहेरून स्पष्ट दिसत होतं. वडलांच्या वयाच्या माणसाच्या पाठीत धपाटा घालायचा, ही गोष्ट आमच्या एकाही माणसाच्या हातून होईना. दुसऱ्या कुठल्या समाजात ते सामन्याबाहेर बसले असते. आम्ही त्यांना सामन्याच्या मधोमध बसवून लाइफ मेंबर केलं.

पळायच्या डावात त्यांची पाळी येण्याआधीच वेळ संपली. मध्यंतराला त्यांनी डबा उघडला. संत्री वाटली. सगळ्यांना देऊन झाल्यावर ते सुजातासमोर येऊन उभे राहिले.

"मिसेस," ते म्हणाले, "माझ्या पाठीत काही दोष आहे का?"

"नाही, मालक."

"देशासाठी वापरली आहे मी ती."

"माहीत आहे." सुजाता खाली बघत होती. "हात उठत नाही, मालक. आमच्यात मोठ्यांच्या पायांना हात लावतात. पाठीत मारत नाहीत."

"बसायला मला चार क्लब आहेत," ते म्हणाले. त्यांचा आवाज मी कधी तसा ऐकला नव्हता. त्यात गंमत नव्हती. "तिथे गादीच्या खुर्च्या आहेत. इथे मी बसायला नाही आलो."

ते जाऊन पुन्हा चौकोनात बसले. सुजाताने संत्र्याची फोड तोंडात तशीच धरून आपल्या संघाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. या वेळी मी छताकडे बघू शकलो नाही. मैदानाला छत नसतं.

दुसरा पाठलाग संपत आला तेव्हा मैदानात एकटा दंतवैद्य उरला होता आणि तो मालकांच्या समोरूनच पळायचा. ती जागा सुरक्षित आहे हे त्याने ओळखलं होतं. सुजाता पलीकडून धावत आली, मालकांच्या पाठीशी पोचली आणि तिने हात मागे घेतला. कल्याणमध्ये ऐकू जावा असा आवाज आला.

"खो!"

मालक उठले. मी म्हणतो उठले, पण ते सुटले म्हणायला हवं. दंतवैद्य हसत होता. ते हसू मागे राहिलं आणि तो पुढे पळाला. मालक धनुष्यासारख्या पायांनी त्याच्या मागे, कोपर बाहेर, तोंडातून आयरिश भाषेत काहीतरी. खांब जवळ आला. दंतवैद्याने हूल दिली आणि उलटा फिरला. आणि मालक, ज्यांनी आयुष्यात कुठल्याही खेळात हूल खाऊन गप्प पुढे जाणं शिकलेलं नव्हतं, तेही खांबाच्या अलीकडेच गर्रकन उलटे फिरले, आडवी उडी मारली आणि दंतवैद्याची टाच पकडून दोघंही चिखलात घसरत गेले.

पंचांनी शिट्टी वाजवली. खांबाआधी मागे वळलात. फाउल. बाद नाही.

अध्यक्ष शाल घेऊन धावत सुटले, जणू लोकरीने हाड जुळतं. मालक चिखलातून गुडघ्यांवर उठले. नाकातून थोडं रक्त येत होतं, चौथा खेळ. त्यांनी पंचांकडे बोट रोखलं आणि असं भांडायला सुरुवात केली की पंच दोन पावलं मागे सरले. वळलोच नाही! वाऱ्याने वळवलं! डोळे तपासून घ्या! पंच आमच्यातलेच, वेलिंग्टनमध्ये सरकारी नोकरीत, भित्रे. पण त्या दिवशी त्यांनी मान ताठ केली आणि म्हणाले, "फाउल म्हणजे फाउल. अजून एक शब्द बोललात तर बाहेर काढीन."

मालक थांबले. त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "बाहेर काढाल?" ते म्हणाले. "मला?"

"हो, तुम्हाला!"

"इंजिनिअर!" ते माझ्याकडे बघून ओरडले. "ऐकलंस? लाइफ मेंबरवर कोणी शिट्टी वाजवत नाही!"

आम्ही हरलो. सत्काराच्या वेळी मालक मधल्या खुर्चीत चिखलासकट बसले आणि त्यांनी सन्मानचिन्ह दोन्ही हातांनी घेतलं. ते थंडीने कुडकुडत होते. अध्यक्ष शाल घेऊन पुढे झाले, मालकांनी मान हलवली. मग सुजाताने ती शाल अध्यक्षांच्या हातातून घेतली, मालकांच्या अंगाभोवती गुंडाळली आणि म्हणाली, "हा सत्कार नाही. हे प्रथमोपचार आहेत." यावर त्यांनी विचार केला. प्रथमोपचार हौशी माणसाला चालतात, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी शाल धुऊन परत आली. अध्यक्षांनी ती पुढच्या सत्काराला वापरली.

त्यानंतर दोन वर्षांनी आम्ही फ्लॅट बुशला स्वतःचं घर घेतलं. आता गळणारे नळ आमचेच आहेत आणि ऑफिस मोटारवेच्या दुसऱ्या टोकाला. निघायच्या सकाळी मालक संत्री घेऊन आले. घर तपासलं. जमिनीवर बुटांच्या खिळ्यांचे ओरखडे होते, त्यांनी ते वाकून पाहिले आणि आम्हाला उदारपणे माफ केले.

शेवटचं खोकं उचलायला सुजाता गाडीच्या वाटेवर उकिडवी बसली होती. मालक मागून आले आणि त्यांनी तिच्या पाठीत सणसणीत थाप घातली.

"खो!"

ती दचकून उठली, आणि हसायला लागली, आणि मग हसू थांबवायला गाडीत जाऊन बसली. खोकं मी ठेवलं. आम्ही निघालो. रस्त्याच्या कोपऱ्यापाशी मी आरशात पाहिलं. मालक गाडीच्या वाटेवर, तिच्या जागी, उकिडवे बसले होते. नियमच आहे; खो देणाऱ्याने बसायचं. हात जमिनीला टेकलेले, मान ताठ.

"त्यांना उठता येत नाहीये का?" मी म्हणालो.

"उठता येतं रे," सुजाता म्हणाली. "गाडी थांबव."

ती मागे धावत गेली. थापेचा आवाज मला कोपऱ्यावर, काचा लावलेल्या गाडीत ऐकू आला. मालक उठले आणि तोंड होतं त्या दिशेने, घराच्या उलट बाजूला, रस्त्याच्या कडेने धावत सुटले. सुजाताने हाक मारली. त्यांनी मागे पाहिलं नाही. दिव्याच्या खांबापर्यंत गेले, खांबाला हात लावला, आणि मगच वळले.